बसाण्णाचा कान

हार्मोनियम हे खोटं बोलणारं वाद्य आहे असं मी म्हटलं, की हार्मोनियमवाले माझ्यावर चिडतात. मीही हार्मोनियमवालाच. राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली माझं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसा पेट्या उघडायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी गाण्याला साथ करायची, यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. ज्या पेटीनं जेवू घातलं तिच्याबद्दल असं बोलू नये हे मला कळतं. पण माझ्या बायकोच्या मते मला खोटं कौतुक करायला जमतच नाही, आणि सासरी त्याचा पुरेसा बभ्रा झालेला आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की ती नुसता सा म्हणत नाही. त्या सा-च्या पोटातून एक गंधार आपोआप उमटतो. गाणारा तो ऐकतो आणि त्याचा गळा बरोबर तिथं जाऊन बसतो. पेटीचा गंधार मात्र त्याच्यापेक्षा केसभर चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून केलेली ती तडजोड आहे. आणि आपल्या गाण्यात सूर काही बाराच नाहीत. दरबारीतला कोमल गंधार एका जागी, भीमपलासातला दुसऱ्या. या बारीक जागा म्हणजे श्रुती, सप्तकात अशा बावीस. गवई त्या गळ्यातून सहज काढतो आणि शेजारी बसलेला पेटीवाला बारा पट्ट्या घेऊन तोंडघशी पडतो. मी असा पुष्कळ वेळा पडलेलो आहे.

बसाण्णाची आणि माझी गाठ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पडली. तो भजनी मंडळाची पेटी घेऊन दुकानात आला होता. उंदरानं भाता कुरतडला होता. मी चामड्याचं ठिगळ लावून सूर तपासत होतो आणि हा कपाळावर विभूतीचे पट्टे असलेला उंच माणूस दारातच उभा राहून ऐकत होता.

‘मास्तर, त्यो गंधार जरा खाली घ्या की.’

‘पेटीचा गंधार असाच असतो पावणं.’

‘असाच असतो म्हंजे? चुकीचा असतो म्हणा की.’

मला राग आला. मी कानस त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, घ्या, तुम्हीच लावा. पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक जीभ असते, एका टोकाला रिबिटनं बसवलेली. टोकाकडं घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. जास्त घासली तर जीभ फुकट. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, मुळाशी अलगद कानस फिरवली, परत बसवली आणि मला तंबोरा छेडायला सांगितलं. मी छेडला. पेटीतला गंधार तंबोऱ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. दोन वाद्यं वेगळी ऐकूच येईनात. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो त्याला दिसू नये म्हणून मी चहा सांगायला उठलो.

नंतर ती पेटी दुसऱ्या कुठल्याही पट्टीत वाजवण्याच्या लायकीची राहिली नाही, हा भाग वेगळा. मंडळवाल्यांनी आम्हा दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या.

बसाण्णा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत होता. साच्यातून निघालेलं कास्टिंग गार झालं की त्याच्यावर हातोडी मारून ऐकायचं, हे त्याचं काम. धड कास्टिंगला टणत्कार असतो. आत बारीक चीर असेल तर आवाज बसका येतो. ‘ह्यो बोलतोय, त्यो मुका हाय,’ असं म्हणत तो मुके बाजूला काढायचा. सगळ्या फाउंड्रीचा त्याच्या कानावर भरवसा होता. घरची शेती कागलकडं, भावाकडं असायची. घरात आईशी कानडी, बायकोशी मराठी. बायको, म्हणजे गिरिजावहिनी, मुरगूडच्या.

त्या गंधारापासून आम्हाला खूळ लागलं. जिच्यात सूर जागेवरून सरकवता येतो अशी पेटी करायची. जीभ लांब झाली की सूर उतरतो आणि आखूड झाली की चढतो, मग जिभेच्या मुळाशी एक सरकता चिमटा बसवला तर? बाहेरून खुंटी फिरवायची, आत चिमटा सरकणार, गंधार दरबारीतून भीमपलासात येणार. मालकाची परवानगी काढून बसाण्णानं कारखान्यातल्या लेथवर पितळेचे चिमटे केले. पहिली पेटी वाजवली तेव्हा सगळे चिमटे खडखडले. मग चिमट्याला आतून पातळ कातडं लावलं, ते चपला करणाऱ्या एका ओळखीच्याकडून आणलं होतं. खडखड थांबली. पुढं कातडं पावसाळ्यात फुगायला लागलं, तेव्हा त्याला मेण चोळलं. अशा भानगडींत कित्येक वर्षं गेली आणि ती फार सुखाची होती.

त्या पेटीची गिऱ्हाइकंही नग असायची. एक तरुण पेटीवादक तासभर खुंट्या फिरवून म्हणाला, ‘हे वाजवायचं तर मला आणखी दोन हात लागतील.’ त्याचं चुकीचं नव्हतं. एका बाईंना पेटी पसंत होती, पण खुंट्यांमुळं ती ट्रान्झिस्टरसारखी दिसते म्हणून त्यांनी नेली नाही. मुरगूडच्या भजनी मंडळाचे बाबूराव मात्र आले, बसले, वाजवली आणि उचलूनच घेऊन गेले. ते वहिनींच्या माहेरचे, आवाजानं दणदणीत आणि तोंडानं फटकळ.

मग मी चाळिशी ओलांडल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. शेजारी माझ्या मुलीच्या वयाची मुलं बसलेली. त्यांना नोकरी हवी होती आणि मला तंबोरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला तंबोरा ठेवायला जागा नसते आणि लावायला कान नसतो. त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर वाजणारा तंबोरा करावा, त्यात प्रत्येक श्रुती हव्या त्या जागी सरकवता यावी, असं माझ्या डोक्यात होतं. प्रोग्रॅम मी लिहायचा आणि सूर बसाण्णानं लावायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो यायचा. कामावरून थेट आला तर सुराला हात लावायचा नाही. ‘कानात भट्टी हाय अजून,’ म्हणायचा आणि गप्प बसून राहायचा. सुट्टीच्या सकाळी मात्र स्पीकरसमोर डोळे मिटून मांडी घालायचा आणि मी माऊसनं सूर सरकवायचो. खाली, खाली, थोडा वर, बस्स. तो बस्स म्हणाला की आकडा पक्का. त्या आकड्यावर मी कधी शंका घेतली नाही. माझ्यापेक्षा त्याचा कान चांगला होता आणि हे मला फार लवकर मान्य झालं होतं. माझ्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

तो तंबोरा आम्ही सीडीवर घालून विकायला काढला आणि सीडी लोकांना आवडली. कुठकुठली माणसं रियाजाला लावू लागली. एका गायिकेनं फोन करून सांगितलं की तुमच्या तंबोऱ्यात गंधार ऐकू येतो. मी ते बसाण्णाला सांगितलं तर म्हणाला, ‘मग काय बेंजो ऐकू येणार व्हय?’ पण दिवसभर खुशीत होता.

असं चाललेलं असताना एका सकाळी तो म्हणाला, ‘मास्तर, तंबोऱ्याची जवारी गेलीया.’

जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या आवाजातली ती झणझण. तार घोडीवर जिथं टेकते तिथं एक दोरा असतो, तो सरकवून ती खुलवतात. मी दोरा सरकवला. मला छान ऐकू येत होतं. त्याला नव्हतं. पण कान त्याचा, म्हणून मी आणखी सरकवला. शेवटी आम्ही तंबोरा मिरजेला नेला. तिथल्या कारागिरानं घोडी नव्यानं घासून दिली आणि वर म्हणाला की आधीही काही वाईट नव्हती. बसाण्णानं ऐकलं, मान हलवली. ‘पयल्यागत न्हाय.’ मला मिरजेच्या कारागिराचा राग आला.

मग स्पीकर बदलले. तरी न्हाय. मग मी प्रोग्रॅममध्येच वरचा आवाज वाढवला, म्हणजे ती झणझण उठून यावी. तो डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, आणि थोडं, आणि थोडं. मी वाढवत गेलो. माझ्या कानाला ते टोचत होतं, तरी मी स्वतःची समजूत काढली की आपल्याला वरच्या आवाजाची सवय नाही. आज हे लिहितानाही मला नवल वाटतं. आम्ही तंबोरा दुरुस्त केला, घोडी दुरुस्त केली, स्पीकर आणि प्रोग्रॅम दुरुस्त केला. इतकं सगळं बिघडू शकतं हे आम्हाला पटत होतं. बसाण्णाचा कान बिघडू शकतो हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. तो कान म्हणजे आमचा मापाचा गज होता आणि गज कुणी मोजत नाही.

नवी सीडी बाहेर पडली. एकदोघांनी भिडेपोटी एवढंच सांगितलं की आवाज जरा वेगळा आहे. बाबूरावांना भीड नव्हती. ते सीडी घेऊन दुकानात आले तेव्हा बसाण्णा तिथंच बसलेला होता.

‘पावणं, ह्यो तंबोरा हाय का कानस? पोरं कानात बोटं घालाल्यात.’

‘लावून दावा,’ बसाण्णा म्हणाला.

मी लावली. बाबूरावांनी तोंड वाकडं केलं. माझंही झालं असणार, कारण बसाण्णा आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होता. मग उठला, चपला घातल्या आणि मला म्हणाला, ‘चल, डाक्टरकडं जाऊ.’ मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं.

राजारामपुरीतच कानाच्या डॉक्टर होत्या. तपासणीची खोली लहान, भिंतींना जाड कापड लावलेलं. त्यांनी बसाण्णाच्या कानांवर हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं. खोली इतकी शांत होती की हेडफोनमधून झिरपणारा आवाज मलाही ऐकू यायला लागला. खालचे आवाज आले तेव्हा बसाण्णाचा अंगठा झटपट हलायचा. मग आवाज वर सरकले. बारीक शिट्टीसारखा एक आवाज आला. अंगठा हलला नाही. डॉक्टरांनी तो वाढवला. मला स्टुलावर बसून स्पष्ट ऐकू येत होता, आणि ज्याच्या कानावर तो वाजत होता तो माणूस डोळे मिटून, मन लावून, वाट बघत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर सूर लावताना असायची तशीच एकाग्रता होती. त्याला हलवून सांगावं, अरे दाब, वाजतोय, असं मला वाटलं. मी हात मांडीखाली दाबून बसून राहिलो. त्या खोलीतल्याइतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

‘वरचे आवाज गेलेत,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यानं जातात. परत येत नाहीत. खालचे अजून चांगले आहेत.’

‘म्हंजे खर्ज हाय, तार गेली,’ बसाण्णा म्हणाला.

‘कानात घालायला काही दिलं नव्हतं का कारखान्यात?’

‘दिलतं की. बोळं दिलतं. पर बोळं घातलं की चीर ऐकू येत न्हाय. कास्टिंग ऐकायलाच तर ठेवलतं मला.’

डॉक्टरांनी कानाचं यंत्र लावून बघायला सांगितलं. ते त्यानं थोडे दिवस लावलं आणि काढून ठेवलं. भांडी पडल्यागत ऐकू येतंय, म्हणाला. फाउंड्रीत त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं की आता माझ्याकडून ऐकून घेऊ नका, एखादं मुकं कास्टिंग कुणाच्या तरी गाडीत जाईल. त्यांनी त्याला स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्ट मोजून द्यायचं काम. वागणूक वाईट नव्हती, पण तिकडं जाताना तो हातोडी घरी घेऊन आला, एवढं मला माहीत आहे.

मी पडलो खटपट्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन रेघा दाखवणारा प्रोग्रॅम केला. एक रेघ तंबोऱ्याची, एक पेटीची. रेघा जुळल्या की सूर जुळला. आता यानं डोळ्यांनी सूर लावावेत, म्हणजे आमचं काम थांबायला नको. त्यानं एकदा लावून पाहिला. रेघेवर रेघ बरोबर बसली. मी म्हटलं, बघ, लागला. तो पडद्याकडं बघत म्हणाला, ‘तुला लागला. मला काय?’ पुन्हा त्यानं त्या प्रोग्रॅमला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. आज तसले प्रोग्रॅम कुणाच्याही मोबाइलवर असतात.

खराब सीडी लोकांकडून परत घ्यायच्या असं आम्ही ठरवलं. माझ्या कानाला जमेल तसा मी जुना आवाज परत आणला आणि नवी प्रत केली. बहुतेकांना ती टपालानं पाठवली. मुरगूडला मात्र बसाण्णा म्हणाला, जाऊनच देऊ. बाबूरावांनी देवळात मंडळ जमवलं, कॉम्प्युटर आणवला, तंबोरा लावला आणि आमच्याच सरकत्या सुरांच्या पेटीवर अभंग म्हटला. बसाण्णा पेटीला पाठ टेकून बसला होता. खर्ज लाकडातून त्याच्या पाठीत उतरत असणार. अभंग संपल्यावर बाबूरावांनी विचारलं, ‘आता बरा हाय का बसाण्णा?’ त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग तो म्हणाला, ‘ब्येस हाय.’ आयुष्यभर मी त्याच्या तोंडाकडं बघून सूर पक्का केला होता. त्या दिवशी त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

परत येताना स्कूटर मी चालवत होतो. वाऱ्यात त्याला माझं काही ऐकू येणार नाही म्हणून मी गप्प होतो. कागलच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो, तेव्हा त्यानं आपणहून विषय काढला.

‘मास्तर, तुझं बोलणं कळतंय मला. तुझा आवाज खालचा हाय. गिरिजाचं कळत न्हाय.’

मी कप खाली ठेवला.

‘काय बोलती त्ये निम्मं समजत न्हाय. बायामाणसाचा आवाज वरचा. ओठाकडं बगतो, आन व्हय म्हणतो. रोज व्हय, व्हय. अजून सापडलो न्हाय.’ तो हसला. ‘तिला सांगू नगंस. सूर गेलं त्याचं तिला काय न्हाय. पर तिचं बोलणं ऐकू येत न्हाय म्हणलं तर तिला लई लागंल.’

मी सांगणार नाही म्हटलं. तंबोऱ्याची जवारी गेली त्याचं दुःख आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. हे दुःख तो एकटाच घरी घेऊन जात होता, आणि त्याच्या मानानं आमच्या बावीस श्रुती मला एकदम पोरकट वाटायला लागल्या.

शिरोलीत त्याच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बसाण्णा पाय धुवायला मागं गेला. गिरिजावहिनींनी मला पाणी दिलं आणि मुरगूडला कसं झालं ते विचारलं. मी चांगलं झालं म्हटलं. त्या तिथंच उभ्या राहिल्या. मग आवाज न बदलता म्हणाल्या, ‘वाटंत काय बोललं का ह्ये तुमाला, माझ्याबद्दल?’

मला खोटं बोलता येत नाही हे वर सांगितलंच आहे. मी पाण्याच्या तांब्याकडं बघत राहिलो.

‘असू दे भावजी. मला म्हाईत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘वरीस झालं. पयल्यांदा मी इचारलं, भाजी कुठली आणू, तर म्हणलं व्हय. तवाच समजलं. तवापास्नं मी, व्हय म्हणलं तरी चालंल, असंच इचारतो.’

‘त्याला सांगितलं नाही?’

‘कशाला? त्यास्नी वाटतंय मला कळलं न्हाय. तेवढं तरी ऱ्हाऊ दे की त्यांच्याजवळ.’

बसाण्णा पंच्यानं तोंड पुसत आत आला. वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, चेहरा उजेडाकडं केला आणि सावकाश म्हणाल्या, ‘मास्तरास्नी आज जेवूनच जाऊ द्या न्हवं?’

बसाण्णानं त्यांच्या ओठांकडं बघितलं.

‘व्हय,’ तो म्हणाला.

मी जेवायला थांबलो.